नवरीच्या नाकावर स्टुडिओचा नंबर

साईनगरातल्या त्या घरची गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल. नसेल आली, तर अमरावतीत राहून तुम्ही करता तरी काय? लग्न झोकात झालं होतं. ड्रोन उडाला, चिखलदऱ्याला प्री-वेडिंग झालं, पंचबोल पॉइंटवर धुक्यात नवरीची ओढणी हवेत तरंगली (ती तरंगवायला दोन चुलतभाऊ झुडपामागे उकिडवे बसले होते, ते फोटोत नाहीत). दीड महिन्याने पेनड्राइव्ह घरी आला, टीव्हीला लावला, शेजारपाजार गोळा झाला. पहिलाच फोटो उघडला आणि चिवड्याचे बकाणे जिथल्या तिथे थांबले. नवरीच्या नाकावर सोनेरी मुकुट, मुकुटाखाली कॅमेरा, कॅमेऱ्याखाली वळणदार इंग्रजीत स्टुडिओचं नाव आणि त्याखाली दहा आकडी मोबाइल नंबर! पुढचा फोटो काढला. तेच. त्याच्या पुढचा. तेच. मुकुटाची जागा पक्की, माणसं तेवढी बदलत होती. मानपानाच्या फोटोत ईहीणबाईंच्या बरोब्बर कपाळावर नंबर आला, तेव्हा आजीने चष्मा सावरत विचारलं, “काहून वं, हा नंबर पोरीचा आहे का जावयाचा?”

तुम्ही म्हणाल, एका स्टुडिओचा गाढवपणा, त्याचं इतकं काय! अहो, एकच असता तर मी तोंड उघडलं नसतं. (उघडलं असतं, पण हळू आवाजात.) ही साथ आहे साथ. बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत ज्याच्या हाती फोटो, त्याचा त्यावर ठप्पा. बायका सांबारवड्यांच्या ताटावर स्वतःचं नाव टाकून ग्रुपवर सोडतात. रांगोळीवाल्या तर रांगोळीच्या मधोमध टाकतात, म्हणजे ठिपके मोजायचीही सोय नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवतात. फोटो कुठून तरी उतरवलेला, सुविचार दुसऱ्याचा आणि खाली लाल अक्षरांत गुरुजींचं नाव, पदवीसकट. सूर्याने अजून हरकत घेतलेली नाही.

सुरुवात कुणी केली, हे मी सांगते. मोबाइल कंपन्यांनी. आठवतं ना, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ‘शॉट ऑन’ अमुक, खाली ‘ड्युअल कॅमेरा’? फोन तुमच्या पैशाचा, चेहरा तुमचा, हप्ते तुमचे आणि जाहिरात मात्र कंपनीची, तीही फुकटात. आमच्या पोट्ट्यांना त्यात अपमान वाटला नाही, उलट मिरवायला मिळालं. मग फोनच विचारू लागला की कंपनीच्या नावाखाली तुमचंही नाव टाकू का. विचारायचीच खोटी! राजकमल चौकातल्या रसवंतीवर उभं राहून काढलेला फोटो आणि खाली ‘शॉट बाय’ आपले बंडूभाऊ. उसाचा रस कुणी काढला, त्याचं नाव कुठेच नाही.

तसं पाहिलं तर नाव घालायची हौस आपल्याला नवी नाही. वऱ्हाडातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातली पितळी परात उलटी करून पाहा. अमुकतमुक यांजकडून सप्रेम भेट, खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात ते कर्र्र आवाजाचं मशीन घेऊन माणूस बसायचा आणि लग्नाच्या एक्कावन्न वाट्यांवर एका बैठकीत नाव घालून द्यायचा. शेजारी भाजी घेऊन गेलेली वाटी त्या नावामुळे परत यायची. पण एक बघा, ते नाव वाटीच्या बुडाला किंवा काठाला असायचं. वरणात कधी आलं नाही.

आता ही करामत करतात कशी, ते मला बघायचंच होतं. अकोल्यात तिलक रोडच्या बाजूला एक ओळखीचे फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसले. माणूस सज्जन, चहा पाजणारा. म्हणाले, “ताई, एका लग्नाचे पाच-सहा हजार फोटो निघतात. दोन कॅमेरे, एक कँडिडवाला, एक स्टेजवाला. एकेकावर नाव टाकत बसलो तं तिकडे बारसं येईल.” मग त्यांनी दाखवलं. फोटोशॉपमध्ये एकदा एका फोटोवर लोगो ठेवायचा, ते सगळं ‘ॲक्शन’ म्हणून ध्वनिमुद्रित केल्यासारखं नोंदवायचं आणि मग अख्ख्या फोल्डरला ‘बॅच’ लावायची. लाइटरूम असेल तर फोटो बाहेर काढतानाच वॉटरमार्कच्या चौकटीत टिचकी मारायची. इरफानव्ह्यूसारखी फुकटातली साधनंही तेच करतात. रात्री जेवून बॅच लावायची, सकाळी उठेपर्यंत सहा हजार नाकं तयार.

गोम इथेच आहे. मशीनला नाक कळत नाही. त्याला एवढंच ठाऊक की मधोमध, किंवा उजव्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर. आडव्या फोटोवर बेतलेला लोगो उभ्या फोटोवर गेला की अर्धा बाहेर लोंबतो किंवा सगळी चौकट व्यापतो. लोगोचं माप टक्क्यांत न देता पिक्सेलमध्ये दिलं, तर मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोवर तो मुंगीएवढा आणि मोबाइलच्या फोटोवर म्हशीएवढा. पांढरा लोगो पांढऱ्या शालूवर पडला तर दिसतच नाही. मग मालक म्हणतो, अजून मोठा कर! आणि मराठीत नाव टाकायची हौस असेल तर पुढचा तमाशा. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागते. ती नाही केली तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. ‘विवाह’चा ‘वविाह’ झालेले अल्बम मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून तर सगळ्यांचे लोगो इंग्रजीत, तेही असे वेलबुट्टीदार की आडनाव वाचायला इन्स्पेक्टर लागावा.

याहून भयंकर किस्सा त्यांनी आवाज खाली आणून सांगितला. एका गाववाल्या पोराने बॅच लावताना जिथे जतन करायचं ते फोल्डर निवडलंच नाही, त्यामुळे ठसा मारलेले फोटो मूळ फोटोंवरच जाऊन बसले. कोऱ्या फायली गेल्या त्या गेल्या. साखरपुड्यापासून वरातीपर्यंत सगळ्या लग्नावर कायमचा शिक्का. “मग घरच्यांना काय सांगितलं?” मी विचारलं. “सांगतो काय! म्हणाला, हीच फॅशन आहे आता.” आणि घरच्यांनी ते खरं मानलं हो! खरं मानलं!

पण फोटोग्राफरची बाजूही ऐकून घ्या, मी काही एकतर्फी निंदा करणारी नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात काय उसळतं, हे तुम्हाला सांगायला नको. गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी भरायचं, शेकडो घागरींच्या कावडी खांद्यावर घेऊन रातोरात चालत यायचं आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. त्या रात्री हा माणूस कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कावडींच्या पुढे उलट्या पावली चालतो. पहाटे एक फोटो असा मिळतो की वर्षभराचं सार्थक व्हावं. तो सकाळी आठला फेसबुकवर टाकला, की दहापर्यंत पाच पानांवर पाच वेगळ्या नावांनी फिरत असतो, कुणा होतकरू उमेदवाराच्या हात जोडलेल्या छबीसकट. फोटोच्या पोटात कॅमेरा, वेळ, काढणाऱ्याचं नाव अशी अदृश्य माहिती भरता येते, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फोटोही दाबला जातो आणि ती माहितीही गळून पडते. मग बिचाऱ्याने काय करावं? नाव तोंडावरच मारावं. त्याचा राग मला कळतो. मला कळत नाही ते एवढंच, की चोर उमेदवाराचा सूड तो ईहीणबाईंच्या कपाळावर का उगवतो?

आणि चोर थांबतो का? थांबायचं नाव काढत नाही! कापडबाजाराचं बघा. अमरावती म्हणजे कापडाची मोठी ठोक बाजारपेठ, सुरतेहून माल येतो तसे मालाचे फोटोही येतात, साडीगणिक दहा-बारा. त्यावर सुरतेचा ठसा. इथला ठोकवाला तो कापतो, स्वतःचा मारतो. खेड्यावरचा किरकोळ दुकानदार तोही कापतो, आपला मारतो. कापता कापता साडीचा काठ जातो, पदर जातो, शेवटी गिऱ्हाइकाच्या फोनवर उरतो तो कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा एक निळसर तुकडा, त्यावर आडवं-तिडवं तीन दुकानांचं गोत्र. बाई विचारते, “भाऊ, हिचा पदर कसा आहे?” भाऊ म्हणतो, “दुकानात या नं.”

आता एक खरोखरच खमंग बातमी देते. २०१७ साली गूगलच्याच संशोधकांनी एक निबंध मांडला. त्यांनी दाखवलं की एकाच छापाचा वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर तो पुसणं उलट सोपं जातं. कसं? सगळे फोटो एकावर एक ताडून पाहिले की बदलत जातं ते चित्र आणि न बदलता राहतं तो ठसा. संगणक तो ठसा अचूक ओळखतो आणि एकाच झटक्यात सगळ्या फोटोंवरून उचलतो. म्हणजे रात्री जेवून लावलेली ती बॅच, सहा हजार फोटोंवर तोच मुकुट, हीच चोराला दिलेली किल्ली! त्यांनी उपायही सांगितला: दर फोटोगणिक ठशाचा आकार किंचित वाकडा करा, मग तो असा सफाईने निघत नाही, मागे खुणा राहतात. हे मी तिलक रोडच्या फोटोग्राफरांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आता सहा हजार मुकुट वाकडे करू का?” त्या निबंधाला आता बरीच वर्षं झाली. आज तर फोनवर बोट फिरवलं की ठसा गायब आणि त्याजागी नाक नव्याने उगवतं, मूळ नाकापेक्षा सरळ.

सरकार या साथीतून सुटलं असेल असं वाटतंय? छे! सरकारनेच तर खेड्यापाड्यात ती नेली. घरकुलाचा पाया खोदला, काढा फोटो. शाळेत खिचडी शिजली, काढा फोटो. आणि नुसता फोटो चालत नाही, त्यावर जीपीएसचा ठसा हवा: नकाशाचा चौकोन, अक्षांश, रेखांश, गावाचं नाव, तारीख, वार, वेळ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून कपाशीच्या, तुरीच्या वावरात उभा राहून शेतकरी स्वतः पिकाचा फोटो ॲपमध्ये चढवतो, स्थळाच्या नोंदीसह. तिथे रेंज मिळाली तर. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून सगळीकडे मोबाइलवरच हजेरी, दिवसातून दोनदा फोटो, त्यावर जागा आणि वेळ.

वृक्षारोपणाचा फोटो तर संग्रही ठेवण्याजोगा असतो. रोप वीतभर. त्याला बारा जणांनी हात लावलेला. आणि खाली जीपीएसचा काळा पट्टा असा ऐसपैस की नेमकं रोपच त्याच्यामागे गेलेलं. बारा माणसं एका नकाशाला पाणी घालत आहेत असं वाटतं. पुढच्या वर्षी त्याच अक्षांश-रेखांशावर परत खड्डा खणलेला दिसला तर नवल मानू नका.

बरं, एवढा ठसा मारून खोटेपणा थांबला का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना स्वतःच कळवलं की हजेरीच्या ॲपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत आणि फोटोचाच पुन्हा फोटो काढला जातो आहे. बघा डोकं! जुना फोटो समोर धरायचा, त्याचा नवा काढायचा. वेळ आजची, जागा इथली, ठसा एकदम अस्सल. माणसं तेवढी दुसरीकडे. आणि तेच सरकार ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा घेऊन आलं की कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्राचा किमान १० टक्के भाग व्यापेल अशी खूण त्यावर दिसली पाहिजे. दहा टक्के म्हणे! आमचे स्टुडिओवाले खऱ्या लग्नावर चाळीस टक्के व्यापून बसलेत, त्यांना हा आकडा ऐकून हसू आलं असेल.

जंगलवाल्यांचं तर विचारूच नका. मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही. डोंगर-दऱ्यांचं रान ते. त्यामुळे सेमाडोहच्या वाटेवर ज्याला कुणाला शेपटीचं टोक दिसलं, तो त्या टोकावर नाव, वर्ष, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि स्वतःच्या क्लबचं चिन्ह घालून मोकळा. वनखात्याचे कॅमेरा ट्रॅप झाडाला बांधलेले असतात, तेही खाली पट्टी मारतात, पण त्यात तारीख, वेळ, फार तर तापमान आणि चंद्राची कला. त्या पट्टीत फोटोग्राफरचं नाव नसतं. बिबट्याने स्वतःच पाय टाकून काढलेला फोटो, नाव कुणाचं घालणार?

पण मेळघाटच्या रानातल्या ज्या जिवावरून नावाच्या ठशाचा खरा अस्सल घोटाळा झाला, तो वाघ नाही, घुबड. रानपिंगळा. बुटका, गोल डोक्याचा, दिवसाउजेडी हिंडणारा. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी तो पहिल्यांदा शास्त्रात नोंदवला. हो, तेच काँग्रेसवाले ह्यूम. १८८४ नंतर मात्र तो कुणाच्या हाती लागला नाही. आशा एकच होती: ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला एक नमुना, त्यावर चिठ्ठी की मी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला. मग पक्षीवाले गुजरातेत शोधतात आणि पक्षी काही सापडत नाही. सापडणार कसा? कर्नलसाहेबांनी तो नमुना संग्रहालयातून चोरलेला! डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी उसवला, पुन्हा भरला, जुनी चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या नावाची लावली. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिकेने शिवणीवरून चोरी पकडली, खोटी जागा बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या वाटेने नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ जाऊन जिवंत रानपिंगळा पाहिला. ११३ वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटातही मिळाला आणि आज मेळघाट हा त्याच्या मोजक्या भक्कम आसऱ्यांपैकी एक आहे. एका माणसाने दुसऱ्याचं नाव खोडून आपलं घातलं आणि जग चुकीच्या जिल्ह्यात घुबड शोधत बसलं! तेव्हा नाव घालण्याला मी हसते, पण नाव खोडण्याला नाही. खोडणारा जास्त नालायक.

म्हणूनच कायद्याचं काय ते एकदा नीट बघून ठेवलेलं बरं, कारण यात दोन्ही पक्षांची फजिती आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यातलं कलम १७ म्हणतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे साईनगरात नवरीच्या बापाने पैसे मोजले, तर मुकुटवाल्यांनी दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपला नंबर रंगवला! ही बातमी सांगितली तेव्हा तिलक रोडवर चहा निवला. पण थांबा, फोटोग्राफरचं सगळंच गेलं असं नाही. कलम ५७ प्रमाणे ‘हे काम माझं आहे’ असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो, मालकी विकली तरी. आणि कावडीचा फोटो त्याने कुणाच्या सांगण्यावरून काढलेला नाही, आपल्या हौसेने आणि आपल्या पायांनी काढला आहे. तो सर्वस्वी त्याचा. २०१२च्या दुरुस्तीपासून असा मालकीहक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं चालतो. त्याच दुरुस्तीने कलम ६५-ब आणलं: निर्मात्याची ओळख सांगणारी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कावडीच्या फोटोवरून नाव कापून स्वतःची छबी चिकटवणाऱ्या होतकरूंनी हे वाक्य दोनदा वाचावं.

माझा निकाल विचाराल तर असा: रस्त्यावरच्या, रानातल्या, यात्रेतल्या फोटोवर काढणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे, कोपऱ्यात, वाचता येईल एवढं, आणि ते जो कापेल त्याला गावाने नावं ठेवावीत. ती कामगिरी मी घेते. घरच्या लग्नाच्या फोटोवर मात्र नंबर नको. जाहिरातीसाठी दहा फोटो निवडा, घरच्यांना विचारा, त्यावर खुशाल मुकुट ठेवा.

आणि घरच्यांनो, तुळशीचं लग्न लागलं की तारखा सुरू होतील. बयाणा देताना एका कागदावर लिहून घ्या की सर्व मूळ फायली कोऱ्या, बिनठशाच्या मिळतील, आणि स्टुडिओला कुठले फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरता येतील. खाली दोघांच्या सह्या घ्या. बॅच लागण्याआधी घ्या, नंतर उपयोग नाही.